उघाडीवरचा राखणदार

आप्पा, तुमची पणती हल्ली न्हाणीघरात एकटी जात नाही. मी दारात उभं राहायचं, दार उघडं ठेवायचं, आणि अंगावर पाणी घेताना तिने मध्येच हाक मारायची, "आजी, आहेस?" मी "आहे" म्हटलं की पुढचा तांब्या. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असतात, पोरीला कोणी भेवडावलं? आपल्या घरात पोरांना भेवडावायची परवानगी नव्हती. बागुलबुवा नाही, पोलीस नाही, माळ्यावरचा म्हातारा नाही. शेजारच्या आयांना पोराला एक घास भरवायला एक भूत लागायचं, आणि आई नुसत्या सुकटीच्या जोरावर आम्हा दोघा भावंडांना जेववायची. गावातल्या बायका तिला विचारायच्या, तुमची पोरं ऐकतात तरी कशी? खरं म्हणजे आम्ही ऐकत नव्हतोच, पण ती तसं कधी कबूल करायची नाही.

तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. आता ती नवी मुंबईत नोकरी करते, जावई जहाजावर असतात, आणि त्यांची लेक माझ्याकडे राहते, मी शिकवते त्याच शाळेत पहिलीत बसते. तिची आई सुट्टीला येते, पावसाळ्यात एसटीने आणि एरवी मांडव्यापर्यंत लाँचने, आणि आल्या आल्या मला सांगते की आई, तुझ्याकडे आहे म्हणून मला कसली काळजी नाही. शहरातल्या लोकांना वाटतं गावाकडे मूल मोकळं वाढतं. मोकळं कसलं! पंपाची वायर आहे, जागोजागी चिकटपट्टी लावलेली, ओल्या गवतातून गेलेली. पॉवर टिलर आहे, तो चालवणारा कानात गाणी घालून मागे न बघता रिव्हर्स घेतो. तणनाशक आणलं की उरलेलं कोणीतरी थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवतं आणि बाटलीचा रंग तर पोरांच्या आवडीचा. पेंढ्यात फुरसं निघतं ते वेगळंच. तुमच्या वेळी फुरसं आणि पाणी एवढंच होतं, आता यादी वाढली. मी बाटल्या वरच्या फळीवर चढवल्या, वायर खांबांवरून नेली, टिलरवाल्याला सांगितलं की शेतात मूल असेल तर यंत्र बंद. तो म्हणाला, "बाई, तुमी लय घाबरता." व्हय बाबा, घाबरते. पण उघाडी काही फळीवर चढवून ठेवता येत नाही.

उघाडी तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, पण मला ती पुन्हा नीट बघायची आहे म्हणून लिहिते. रेवसच्या बाजूची आपली जमीन खारातली. खाडीचं खारं पाणी भातात येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध, आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्या बांधात दगडी बांधकामाचं एक तोंड. त्या तोंडाला खाडीच्या अंगाने जाड लाकडी झडप, वरून टांगलेली. भरतीचं पाणी तिला आत ढकलतं, ती बंद होते. ओहोटीला आतलं पाणी तिला बाहेर ढकलतं, ती उघडते. कोणी हात लावायचा नाही, किल्ली नाही, माणूस नाही. भरतीच्या वेळी आतल्या बाजूचा डोह इतका निपचित असतो की गाईच्या पाण्याची डोण वाटावी. मासे तिथे गोळा होतात, दगडांच्या फटींत चिंबोऱ्या असतात, डोहात उतरायला पायऱ्या आहेत. मूल तिथे बसतं, पाय पाण्यात सोडतं. मग बांधापलीकडे खाडी जराशी उतरते, झडप किलकिली होते, आणि अख्ख्या खारात साठलेलं पाणी त्या एका तोंडाकडे निघतं. वर काही दिसत नाही. ओढ खालून लागते.

आणि भरती लागताना ती झडप दगडावर आपटते. धाड. वाऱ्याच्या दिवसांत तर पुन्हा पुन्हा, पार आपल्या वाडीपर्यंत ऐकू जाईल अशी. आमच्या लहानपणी तो आवाज आला की वर्गातली सगळी पोरं गप्प व्हायची, कारण बाकीच्या सगळ्या घरांत तो राखणदाराचा आवाज होता. राखणदार झडपेमागे राहतो. मोठ्या माणसाला तो काही करत नाही, एकटं पोर दिसलं की आत घेतो. लावणीआधी त्याला नारळ द्यायचा, मग तो वर्षभर बांध सांभाळतो. कोळीवाड्यातलं, आगरातलं एकही पोर उघाडीच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. फक्त आम्ही दोघं होतो ज्यांना तो आवाज ऐकून हसू यायचं. आज्याने दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत घालून खाडीत सोडले, ही गोष्ट तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितली असेल. आणि शेवटी न चुकता म्हणायचात, "देव सोडले नि भुतं ठेवली तर काय उपेग? एकाच टोपलीतली ती." तुमच्या हट्टाला वाडीत तोड नव्हती. पण तुम्ही आम्हाला जे सांगत होता त्याचा आमच्या डोक्यात काय अर्थ होतोय, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. उघाडीवर राखणदार नाही, असं तुम्ही म्हणायचात. उघाडीवर काही नाही, असं आम्ही ऐकायचो.

भात पोटरीला आलेलं. शाळा दुपारी सुटलेली आणि आम्ही पोरं बांधावरून घरी चाललोय. धाकटा भाऊ दुसरीत आहे. आगरातला एक दांडगा पोरगा त्याला म्हणतो, "तुमच्यात राखणदार न्हाय ना? मग जा, बस त्याच्या पायरीवर." धाकटा म्हणतो, "न्हायच हाय. माझा बाप सांगतो." आणि दप्तर माझ्याकडे देऊन तो निघतो. मी त्याला अडवत नाही, कारण मलाही तेच माहीत आहे जे त्याला माहीत आहे. तो पायऱ्या उतरतो, खालच्या पायरीवर बसतो, पाय पाण्यात सोडतो, दोन्ही हात वर करून ओरडतो, "बघा, कोण न्हाय!" पोरं लांब उभी, तोंडावर हात घेऊन. पुढे काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पायरी होती, तिच्यावर धाकटा नव्हता. पाणी तसंच होतं, सपाट. ओरडायचंसुद्धा कोणाला सुचलं नाही. खालच्या शेतातून तुम्ही आम्हाला बघितलंत आणि पोरं मोजलीत असणार, कारण धावत येताना तुम्ही काही विचारलं नाहीत. तुम्ही उडी घेतलीत ती मी पाहिली. वर आलात ते नाही पाहिलं, मी डोळे मिटून घेतले होते.

धाकट्याचा उजवा हात झडपेच्या चौकटीत अडकला म्हणून तो वाचला, आणि म्हणूनच तो हात पुन्हा सरळ झाला नाही. आता तो पनवेलला असतो, नातवाला घेऊन बागेत जातो, आणि नातवाला उचलताना अजून डावाच हात पुढे करतो. त्या दिवशी माणसं जमली, कोणी त्याला उलटा धरला, कोणी रिक्षा आणायला पळालं. तुम्ही बांधावर बसलात. खिशातून बिडी काढलीत आणि काडी ओढू लागलात. पेटी पाण्याने चिंब झालेली, काडीचा गुल बोटांना लागत होता, तरी तुम्ही एकामागून एक ओढत होता. कोणी तुम्हाला थांबवलं नाही. आगरातला म्हातारा समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तू मानीत न्हायस त्याला. म्हून त्यानं दाखवलान तुला." एरवी तुम्ही असल्या बोलण्याला सोडलं नसतंत. त्या दिवशी तुम्ही पेटीतून पुढची ओली काडी काढलीत. माझा बाप घाबरू शकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि मला पाण्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

धाकट्याला अलिबागहून घरी आणलं त्या संध्याकाळी आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. हातातला गोळा परातीत तसाच ठेवून ती तुम्हाला म्हणाली, "सगळी खोटं बोलतात. त्यांची पोरं घरी हायत." तुम्ही उंबऱ्यावर बसला होता. म्हणालात, "राखणदार न्हाय हे पोराला एक दिवस कळतंच. त्या दिवशी ते पाण्यावर जातं." आई म्हणाली, "तवर मोठं तरी होतं." आप्पा, तुम्ही उठून बाहेर गेलात. इतकी वर्षं मी मुलांना शिकवते, वादविवाद स्पर्धेला पोरं तयार करते, पण आईच्या त्या वाक्याला उत्तर अजून मला सापडलेलं नाही. तुम्हालाही ते सापडलं होतं असं मला वाटत नाही. तुम्ही दुसरंच काहीतरी केलंत.

धाकट्याचा हात अजून प्लास्टरात होता. तुम्ही आम्हा दोघांना उघाडीवर घेऊन गेलात, आईचा विरोध असताना. बांधावर आम्हाला पोटावर झोपवलंत आणि गवताची चिमूट डोहात टाकलीत. म्हणालात, गवताकडे बघत राहा. बराच वेळ ते जागचं हललं नाही. मग हललं. इतकं हळू की मला वाटलं वाऱ्याने. "जागं झालं," तुम्ही म्हणालात. मग पेंढ्याची मोठी पेंडी दोराला बांधून पाण्यात सोडलीत आणि दोर माझ्या हातात दिलात. माझ्या मागे तुम्ही, तुमच्या कमरेला दुसरा दोर, तो बाभळीला बांधलेला. पेंडी शांतपणे भिजली, बुडली, आणि मग माझ्या हातातून दोर असा गेला की तळव्यांची सालं निघाली. मी किंचाळले. तुम्ही विचारलंत, "कोण ओढतं?" मी म्हटलं, "पाणी." "त्याला ऐकू येतं? नारळ दिला तर सोडंल? तू शाळेत हुशार हायस म्हून सोडंल?" मी मान हलवत होते आणि रडत होते. "मग भ्या त्याला," तुम्ही म्हणालात. "मी भितो. रोज भितो." असं सांगणारा बाप त्या अख्ख्या खारात दुसरा नव्हता. त्यानंतर आम्ही दोघं मोठी होईपर्यंत उघाडीच्या पायरीवर उतरलो नाही, आणि आम्हाला कोणी भूतही सांगितलं नाही.

म्हणून मला वाटायचं की तुमची रीत बरोबर. मी शिक्षिका झाले, दर वर्षी पोरांना उघाडीचं चित्र काढून फळ्यावर समजावलं, भरती, ओहोटी, झडप. माझ्या मुलीला मी तुमच्यासारखंच बांधावर नेऊन दोर धरायला दिला. ती माझ्यावर चिडली, पण पायरीवर गेली नाही. पुढे तुम्ही गेलात, आई गेली, झडप लाकडाची होती ती बदलून फायबरची आली. आवाज थोडा बदलला, राखणदार तोच राहिला. या वर्षी जूनमध्ये पणतीने शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी विचारलं, "आजी, उघाडीवर राखणदार असतो? सगळे म्हणतात." तिचे ओठ पांढरे पडले होते. मी तिला मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं. झडप आपोआप कशी उघडते, आवाज कशाचा, धाकट्या आजोबांचा हात वाकडा का, तुम्ही गवत टाकून पाणी जागं झालेलं कसं दाखवलंत. ती डोळे मोठे करून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तिथे कोणी नाही?" मी म्हटलं, "कोणी नाही. फक्त पाणी." "फक्त पाणी," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खुलला.

तिच्या लेखी पाणी म्हणजे नळ, आणि अलिबागकडच्या कुठल्याशा रिसॉर्टमधला निळा तलाव, ज्यात ती बापाच्या पाठीवर बसून खेळली होती. तिला दोर धरायला द्यायला हवा होता हे मला कळत होतं. पण मला तिला उघाडीजवळ न्यायचंच भय वाटत होतं. माझे गुडघे असे, चिखल असा, माझा पाय घसरला तर? तुमच्या कमरेला दोर होता आणि अंगात ताकद होती. मी म्हटलं, गोष्टीवर भागेल. बांबू आणून पायऱ्यांच्या तोंडाशी आडवे बांधून घेतले, तर रात्री मासे धरायला येणाऱ्यांनी ते बाजूला काढून ठेवले. पुन्हा बांधले, पुन्हा काढले. पंचायतीत जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, बाई, बघतो. ते अजून बघतायत.

लावणीचा रविवार. बायका शेतात वाकलेल्या, मी बांधावर आवणाच्या रोपांच्या जुड्या मोजून देत्येय, पणती मांडवाखाली डब्याजवळ बसून पावट्याच्या बिया मातीत खुपसत्येय. मी जुड्या देते आणि तिच्याकडे बघते, देते आणि बघते. माझं सगळं आयुष्य हल्ली असंच चाललंय. मग एका बाईच्या पायाला काच लागली, मी खाली उतरून तिचा पाय धुतला, फडकं बांधलं, आणि वर बघितलं तर मांडवाखाली डबा होता आणि पोर नव्हती. मी हाक मारली. पुन्हा मारली. शेजारीण, त्या आगरातल्या म्हाताऱ्याची सून, कंबर सरळ करून म्हणाली, "आत्ता तर हतं होती, बाई." पंपाकडे पाहिलं, पेंढ्याकडे पाहिलं, टिलर बंद होता. आणि माझी मान आपोआप उघाडीकडे वळली. भरती येऊन गेली होती. बांधावरून मला खाडी दिसत होती आणि तिवरांच्या मुळांवर नुकताच ओला चिखल उघडा पडायला लागला होता. पाणी उतरत होतं.

मी पळाले. या वयात माणूस पळतो म्हणजे काय, चिखलात पाय ओढतो. चप्पल कुठे गेली कळलं नाही. बांधाच्या वळणावर आले आणि ती दिसली. खालच्या पायरीवर उकिडवी बसलेली, फ्रॉक गुडघ्यांत नीट खोचलेला, मी शिकवला होता तसा. एका हातात गवताची मूठ. ती एक काडी पाण्यात टाकायची आणि वाट बघायची. तिने मला पाहिलं आणि आनंदाने हात हलवला. "आजी, अजून जागं नाही झालं!" मी म्हटलं, "बाळा, वर ये." आवाज शांत ठेवायचा मी आटोकाट प्रयत्न केला. "थांब ना, मला बघायचंय." "वर ये, मी दाखवते तुला." "थांब!" आणि मग तिने खाली पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "आजी, हललं! गवत हललं!" ती पुढे वाकली. काडी हातातून सुटली होती आणि उघाडीच्या तोंडाकडे चालली होती, आणि पोर काडीच्या मागे हात लांब करत होती.

माझ्यात आणि तिच्यात घराच्या अंगणाएवढं अंतर होतं आणि तेवढं अंतर मला कापता येणार नव्हतं हे माझ्या पायांना कळलं होतं. आप्पा, मी ओरडले, "राखणदार आला! पाण्यातून वर येतोय! पळ!" माझा आवाज मला ओळखू आला नाही. आणि त्याही वेळी, एवढ्या घबराटीत, मी त्याला कुठे उभा करायचा याचा विचार केला होता. तुझ्या मागे आहे म्हटलं असतं तर तिने पाण्यात उडी घेतली असती. म्हणून मी त्याला पाण्यात घातला. ती किंचाळली आणि पायऱ्या हातापायांनी चढत वर आली, गुडघे फुटले, आणि ती माझ्या पोटावर येऊन अशी आदळली की आम्ही दोघी चिखलात बसलो. खाली झडप उघडल्याचा आवाजही झाला नाही. फक्त डोहात एक भोवरा पडला, आणि तिने टाकलेल्या सगळ्या काड्या एका रांगेत आत गेल्या. तिने ते पाहिलं नाही. तिने तोंड माझ्या पदरात खुपसलं होतं आणि ती विचारत होती, "गेला? आजी, गेला का तो?"

शेजारीण धापा टाकत मागून आली. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार, तुझा बाप काय सांगायचा आणि तू काय बोललीस, असं. तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्या गुडघ्यावरचं रक्त पदराने पुसलं, आणि मला हळूच म्हणाली, "बरा केलास, बाई. सांगायचाच आसतं." त्यात टोमणा नव्हता. तिने स्वतःच्या पोरांनाही हेच सांगून वाढवलं, आणि तिची पोरं वाढली. मला एकदम आई आठवली, परातीतला गोळा आठवला, आणि मी तिथेच बांधावर मोठ्याने रडले. पणतीला वाटलं आजीपण राखणदाराला घाबरली. ती मला थोपटायला लागली.

तेव्हापासून हे असं चाललंय. न्हाणीघरात एकटी नाही, परसात एकटी नाही, बादलीत पाणी हललं तरी हात काढून घेते. शाळेत गेल्या आठवड्यात मी भरती-ओहोटी शिकवायला घेतलं आणि फळ्यावर झडप काढली, तर पणतीच्या वर्गातून तिसरी-चौथीच्या पोरांना निरोप आला की आमच्या आजीने स्वतः पाहिलाय राखणदार. चौथीतला एक पोरगा उठून मला म्हणाला, "बाई, तुमी तर म्हनता भूत न्हाय." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी खडू खाली ठेवला आणि त्यांना शुद्धलेखन दिलं. माझी मुलगी फोनवर विचारते, आई, तिला कोणी सांगितलं हे सगळं, तू तर असलं सांगणारी नाहीस. मी तिला म्हटलं, शाळेत पोरं बोलतात गं. तिनेही ते मानलं. मला माहीत आहे काय करायला हवं. पाऊस ओसरला की धाकट्याला बोलवायचं, त्याच्या कमरेला दोर, पेंढ्याची पेंडी, तिचे हात दोरावर. मग तिला सांगायचं की आजी त्या दिवशी खोटं बोलली. सगळं ठरवलेलं आहे. आणि मग रात्रभर पाऊस पडतो, झडप आपटते, ती माझ्या कुशीत गोळा होते, आणि मी स्वतःशी म्हणते, एवढ्यात नको. सात वर्षांची होऊ दे. आठ होऊ दे.

हे मी तुमच्या फोटोपुढे बसून मोठ्याने वाचून दाखवणार होते, दर वर्षी तुमच्या दिवशी दोन शब्द बोलते तसं. ते काही आता जमणार नाही, कारण घर लहान आहे आणि ती जागी असते. कपाटात साड्यांच्या खाली ठेवून देईन. तुम्ही पाण्याला भीत होता आणि तेवढंच आम्हाला दिलंत, त्यात काही मिसळलं नाहीत. मला ते झेपलं नाही. काल मी तिची वेणी घालत होते तेव्हा तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, तू नक्की पाहिलास ना त्याला? मला फसवत नाहीस ना?" आप्पा, बांधावर होते तेव्हा ते तोंडातून निघून गेलं होतं. काल मी कंगवा थांबवला, नीट विचार केला, आणि म्हटलं, हो, पाहिला.